गाठ पुन्हा पडणार असेल तर

जानेवारी १९५०. तुम्ही कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहरात, रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेच्या कचेरीत बसला आहात. पॅसिफिक महासागर पायी जाण्याच्या अंतरावर आहे, पण आज तिकडे फिरकायला तुम्हाला सवड मिळणार नाही. समोर एक तक्ता आहे. दोन ओळी, दोन रकाने, चार घरं आणि प्रत्येक घरात दोन आकडे. हा तक्ता घेऊन तुम्हाला शंभर डाव खेळायचे आहेत.

खुर्ची आर्मेन अल्चियन यांची आहे. आज ती तुमची. अल्चियन अर्थतज्ज्ञ आहेत, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवतात आणि रँडचंही काम करतात. तुमच्याशी खेळणार आहेत जॉन विल्यम्स, रँडच्या गणित विभागाचे प्रमुख. दोघेही हुशार आणि आकडेमोडीत मुरलेले, त्यामुळे कुणी कुणाला सहज गुंडाळेल अशी शक्यता नाही.

नियम सोपे आहेत. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना न सांगता चाल निवडायची. बोलायचं नाही, ठरवायचं नाही. चाली उघड झाल्या की ज्याचे त्याचे सेंट ज्याच्या त्याच्या हिशेबात. शिवाय प्रत्येक डावाला मनात काय आलं ते कागदावर लिहून ठेवायचं. चाली दोनच आहेत आणि त्यांना नावंही नाहीत, नुसते क्रमांक आहेत. आपण एकीला ‘साथ’ म्हणू आणि दुसरीला ‘दगा’.

आता तक्ता सावकाश वाचा. दोघांनी साथ दिली तर तुम्हाला अर्धा सेंट आणि विल्यम्सना एक. त्यांनी साथ दिली आणि तुम्ही दगा दिला तर तुम्हाला एक सेंट मिळतो, त्यांचा एक जातो. तुम्ही साथ दिली आणि त्यांनी दगा दिला तर तुमचा एक सेंट जातो आणि त्यांना दोन मिळतात. दोघांनीही दगा दिला तर तुम्हाला शून्य, त्यांना अर्धा.

काय कराल?

विल्यम्स साथ देणार असं धरून चला. मग तुम्हाला साथीत अर्धा सेंट आहे, दग्यात एक. म्हणजे दगा बरा. ते दगा देणार असं धरा. मग साथीत तुमचा सेंट जातो, दग्यात निदान काही जात नाही. म्हणजे पुन्हा दगाच बरा. ते काहीही करोत, तुमचं उत्तर तेच येतं. तिकडे विल्यम्सही हाच हिशेब करत असणार आणि त्यांचंही उत्तर तेच येणार. दोन शहाणी माणसं, दोघांचाही हिशेब अचूक, आणि शेवटी दोघं त्या घरात जाऊन बसतात जिथे तुम्हाला शून्य आहे, त्यांना अर्धा. शेजारच्या घरात तुमच्यासाठी अर्धा सेंट आहे, त्यांच्यासाठी एक. तिथे दोघांचंही भलं आहे, पण एकट्याने तिथे जाता येत नाही.

पहिली चाल लिहा. तुम्ही दगा लिहिता. विल्यम्सही तेच करणार याची तुम्हाला खात्री आहे. चाली उघड होतात, आणि विल्यम्सनी साथ दिलेली असते.

ही चाल बावळटपणाची आहे की तिच्यात काही डाव आहे, ते तुम्हाला कळत नाही. दुसऱ्या डावाला तुम्ही पुन्हा दगा देता, आणि ते पुन्हा साथ देतात. आता तुमच्या कागदावर प्रश्नचिन्हं आणि उद्गारचिन्हं उमटू लागतात. विल्यम्सच्या कागदावर काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. तिथे त्यांनी आशा लिहून ठेवली आहे, की हा माणूस हुशार असेल, त्याला कळेल.

खेळ इथे थोडा थांबवू. ज्या तर्काने तुम्ही दगा लिहिलात, तो आला कुठून हे पाहायला हवं.

७ डिसेंबर १९२६, जर्मनीतलं ग्योटिंगेन. गणिताची पंढरी म्हणावी असं हे गाव, आणि तुम्ही इथल्या गणित मंडळाच्या बैठकीत मागच्या बाकावर आहात. फळ्यासमोर बुडापेस्टहून आलेला एक तरुण उभा आहे, अजून तेविशीही पुरी न झालेला. नाव योहान फॉन नॉयमान. पुढे अमेरिकेत त्याचं जॉन होईल. तो पत्त्यांसारख्या खेळांबद्दल बोलतो आहे, पण त्याला पत्ते शिकवायचे नाहीत. त्याचा प्रश्न असा आहे: जिथे माझा फायदा तोच तुझा तोटा आहे, आणि मी काय करावं हे तू काय करशील यावर अवलंबून आहे, आणि तू काय करशील हे मी काय करीन यावर, तिथे ‘शहाणपणाची चाल’ असं काही असतं का? फ्रान्समध्ये एमिल बोरेलने १९२१ पासून याच प्रश्नाशी झटापट केली होती. सर्वसाधारण उत्तर आहे हे सिद्ध केलं ते या तरुणाने. त्याचा निबंध १९२८ मध्ये छापून आला.

उत्तराची चव घ्यायची तर शेरलॉक होम्सच्या गाडीत बसू. ऑस्कर मॉर्गनस्टर्न या व्हिएन्नाच्या अर्थतज्ज्ञाला ही गोष्ट फार आवडायची. होम्स लंडनहून डोव्हर बंदराकडे निघाला आहे. मोरियार्टी त्याच्या जिवावर उठला आहे आणि खास गाडी करून पाठलाग करतो आहे. मध्ये एकच थांबा, कँटरबरी. होम्स डोव्हर गाठून जहाजात बसला तर सुटला. पण मोरियार्टी आधीच तिथे पोचला असेल तर संपला. मग कँटरबरीलाच उतरावं का? मोरियार्टीने नेमकं हेच ओळखलं असेल तर? त्यानेही ओळखलं असणार हे होम्सने ओळखलं असेल तर? या विचाराला तळ नाही.

फॉन नॉयमान आणि मॉर्गनस्टर्न यांचा जाडजूड ग्रंथ १९४४ मध्ये प्रिन्स्टनला प्रसिद्ध झाला. ‘थिअरी ऑफ गेम्स अँड इकॉनॉमिक बिहेवियर’ हे त्याचं नाव, आणि गेम थिअरी या शास्त्राचा जन्म बहुतेक जण तिथूनच मोजतात. त्या ग्रंथात या पाठलागाचं गणित मांडलेलं आहे. होम्स सापडला तर मोरियार्टीला १०० गुण, होम्स डोव्हरहून निसटला तर उणे ५०, कँटरबरीला उतरून तूर्त वाचला तर शून्य. हे धरलं तर मोरियार्टीने १०० पैकी ६० वेळा डोव्हरला जावं आणि होम्सने १०० पैकी ६० वेळा कँटरबरीला उतरावं, असं उत्तर येतं. निवड चिठ्ठी टाकून करायची, कारण चिठ्ठीत काय निघणार हे तुमचं तुम्हालाच ठाऊक नसेल तर शत्रू ते ओळखणार तरी कसं? डोकं लढवण्याचा कळस म्हणजे नशिबावर सोडणं, आणि तेसुद्धा नेमक्या प्रमाणात. मला हा निष्कर्ष आजही थक्क करतो.

पण होम्स आणि मोरियार्टी यांच्यात देण्याघेण्यासारखं काही नव्हतं. एक वाचणार तर दुसरा हरणार. आयुष्यातले बहुतेक व्यवहार असे नसतात. मालक आणि कामगार, शेजारी-शेजारी, दोन देश, यांच्यात दोघांचंही भलं होऊ शकतं आणि दोघांचंही वाटोळं होऊ शकतं. तिथे काय?

म्हणून आता प्रिन्स्टनला चला. १९४९ चा शरद ऋतू. गणित विभागाच्या फाइन हॉलमध्ये दुपारचा चहा चालू आहे. पोरं पट मांडून बसली आहेत. त्यातला एक षटकोनी घरांचा पट जॉन नॅश नावाच्या विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढला, म्हणून इथे त्या खेळाला ‘नॅश’च म्हणतात. (डेन्मार्कच्या पिएट हाइनने तोच खेळ १९४२ मध्ये शोधला होता, हे इथे कुणाला माहीत नाही.) नॅश एकवीस वर्षांचा आहे. तो आता थेट फॉन नॉयमान यांच्या दारात जाऊन उभा राहणार आहे. तुम्हीही मागोमाग आत शिरा.

भेट लवकर आटोपते. नॅश सांगू लागतो की खेळाडू कितीही असोत, फायदा-तोटा कसाही वाटलेला असो, अशा प्रत्येक खेळात निदान एक जागा अशी असतेच जिथे प्रत्येकाची चाल ही इतरांच्या चालींना दिलेलं सर्वांत चांगलं उत्तर असते. त्या जागी पोचल्यावर एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही. फॉन नॉयमान त्याला मध्येच तोडतात. हे तर क्षुल्लक आहे, एका जुन्या प्रमेयाचा वापर आहे, असं सांगून ते त्याला वाटेला लावतात. नॅश खट्टू होतो, पण लिहायचं ते लिहितो. अमेरिकी विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्याचं टिपण छापून येतं, जेमतेम दोन पानांचं. अंक असतो जानेवारी १९५० चा. चव्वेचाळीस वर्षांनी, १९९४ मध्ये, अर्थशास्त्राचं नोबेल त्याला ज्या कामासाठी मिळालं, त्याची सुरुवात ही दोन पानं.

तुमच्या तक्त्यातलं दगा-दगा हे घर म्हणजे नॅशचा समतोल. तिथून एकट्याने हललात तर स्वतःचंच नुकसान. नॅशच्या कामाची बातमी रँडमध्ये पोचली तेव्हा मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या दोघांना शंका आली. गणित बरोबर आहे, पण हाडामांसाची माणसं खरंच त्या घरात जाऊन बसतील का? म्हणून त्यांनी हा तक्ता बनवला आणि तुम्हाला या खुर्चीत बसवलं.

चला, खेळ पुढे सुरू.

काही डाव गेल्यावर तुमच्या लक्षात येतं की विल्यम्स बावळट नाहीत. ते काहीतरी सांगू पाहताहेत, आणि चालीखेरीज सांगायला त्यांच्याकडे दुसरी भाषा नाही. तुम्ही दगा दिलात की तेही दगा देऊन फटका देतात, मग पुन्हा साथीचा हात पुढे करतात. तुम्हीही साथ देऊन बघता. घडी बसते. पण तुमच्या मनात एक खडा टोचत राहतो. साथ-साथ या घरात तुम्हाला अर्धा सेंट आहे आणि त्यांना पूर्ण. बरोबरीने काम करायचं आणि वाटणी अर्धी घ्यायची? मग अधूनमधून तुम्ही एखादा दगा देता, वाटणी सारखी व्हावी म्हणून. तुमच्या मते तो न्याय आहे. विल्यम्सच्या मते ती निव्वळ लबाडी. ते चिडून कागदावर लिहितात, त्याचा मथितार्थ असा, की या माणसाला कळतच नाही, आपण एकमेकांविरुद्ध नव्हे तर पैसे देणाऱ्या तिसऱ्याविरुद्ध खेळतो आहोत. लहान मुलाला वळण लावावं तशा धीराने ते तुम्हाला वळण लावायला बघतात.

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण पाठ्यपुस्तकांत हा भाग येत नाही. तिथले आकडे दोघांना सारखे असतात. खऱ्या तक्त्यात ते सारखे नव्हते, आणि भांडणाचं मूळ बरंचसं तिथेच होतं. दोन माणसं एकमेकांना दगा देतात तेव्हा ती नेहमी लोभापायीच देतात असं नाही. पुष्कळदा आपल्याला कमी मिळतंय ही बोच असते. एकाला जो सूड वाटतो तो दुसऱ्याला हिशेब चुकता करणं वाटतं. वाटण्यांवरून भावाभावांत पडलेलं वितुष्ट ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शंभर डाव संपतात. मोजणी करा. तुम्ही ६८ वेळा साथ दिलीत, विल्यम्सनी ७८ वेळा. दोघांनी एकाच वेळी साथ दिली असे डाव ६०. दोघांनी एकाच वेळी दगा दिला असे १४. तुमच्या पदरात पडले ४० सेंट, विल्यम्सच्या ६५. सगळे शंभर डाव गणिताने नेमून दिलेल्या घरात बसून काढले असते तर तुम्हाला शून्य मिळालं असतं आणि त्यांना ५०. नियम मोडून दोघंही वर आले. शंभरही डाव साथीने खेळला असतात तर तुम्हाला ५० मिळाले असते आणि त्यांना १००. तेवढं जमलं नाही.

नॅशला हा निकाल कळवला तेव्हा त्याने जो आक्षेप घेतला, तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचं म्हणणं असं, की तुम्ही माझा सिद्धांत तपासलाच नाहीत. हे शंभर सुटे डाव नाहीत, हा शंभर चालींचा एकच मोठा खेळ आहे. आज मी केलेल्या दग्याची फेड उद्या होणार असेल तर आजचा हिशेबही बदलतो. काटेकोर तर्क केला तर शंभरावा डाव ठाऊक असल्यामुळे शेवटून एकेक पाऊल मागे येत पहिल्या डावापर्यंत दगाच निघतो, हेही त्याला दिसत होतं. पण इतक्या पुढचं डोक्यात धरून माणूस खेळत नाही, आणि डावांमध्ये देवाणघेवाण होत राहते. एसटी स्टँडवरचा फळवाला पिशवीत खाली चार नासकी संत्री घालतो आणि गल्लीतला घालत नाही, तो काय गल्लीतला जन्मतः सज्जन म्हणून? त्याला तुमचं तोंड उद्या पुन्हा बघायचं असतं.

रँडच्या या कचेरीबाहेर मात्र त्याच महिन्यात दुसराच हिशेब चालू आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी जाहीर केलं की रशियाने अणुस्फोट केला आहे. ३१ जानेवारी १९५० ला ते हायड्रोजन बॉम्बच्या कामाला हिरवा कंदील दाखवतील. फॉन नॉयमान यांच्यासारखा अलौकिक बुद्धीचा माणूस या काळात असं मानत होता की रशियाकडे पुरेसे बॉम्ब जमण्याआधी अमेरिकेनेच आधी वार करावा. एकाच डावाचा विचार केला तर तर्क कुठे जाऊन पोचतो, याचं याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही. तो डाव खेळला गेला नाही, म्हणून तुम्ही-आम्ही आहोत.

मे १९५०. स्टॅनफर्ड विद्यापीठ. इथे फार वेळ थांबायचं नाही. प्रिन्स्टनचे अल्बर्ट टकर, म्हणजे नॅशचे मार्गदर्शक, इथे रजेवर आले आहेत. जागेची टंचाई म्हणून त्यांना मानसशास्त्र विभागात खोली मिळाली आहे. एक मानसशास्त्रज्ञ दार ठोठावून विचारतो, तुम्ही काय करता? गेम थिअरी, टकर सांगतात. मग आमच्यापुढे एक व्याख्यान द्या. रँडमध्ये ड्रेशरच्या फळ्यावर पाहिलेला तक्ता टकरना आठवतो. गणित न येणाऱ्या श्रोत्यांसाठी ते त्याला गोष्टीचा अंगरखा घालतात. दोन आरोपी वेगवेगळ्या कोठड्यांत. एकाने कबुली दिली आणि दुसऱ्याने नाही, तर कबूल करणाऱ्याला बक्षीस आणि दुसऱ्याला दुप्पट दंड. दोघांनी कबूल केलं तर दोघांना एकेक दंड. दोघंही गप्प राहिले तर दोघंही सुटले. तुरुंगातली वर्षं पुढे इतरांनी घातली. मूळ गोष्टीत नुसता दंड होता.

हाच ‘कैद्यांचा पेच’ जगभर गाजला. गोष्ट अप्रतिम आहे, पण तिच्यात उद्या नाही. कैदी एकदाच निवडतात आणि पडदा पडतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी हेच शिकत आले की शहाणा माणूस दगा देतो, आणि साथ देणारा भाबडा. टकरची गोष्ट पुढे गेली आणि अल्चियन-विल्यम्सचे शंभर डाव तळटीपेत राहिले. माझ्या मते हा या शास्त्रावर झालेला मोठा अन्याय आहे.

उद्या असला की काय होतं ते पाहायचं तर अशा ठिकाणी जाऊ जिथे उद्याची खात्री कुणालाच नाही.

१९१५. बेल्जियम आणि फ्रान्सच्या सरहद्दीवरचा चिखल. तुम्ही एका ब्रिटिश पलटणीतले शिपाई आहात. समोर जर्मनांचा खंदक, मध्ये शे-दोनशे मीटर उघडं रान आणि काटेरी तारा. वरून हुकूम आहे मारायचा. तक्ता तोच आहे: दोघांनी मारलं तर दोघंही मरतील, दोघांनी नेम चुकवला तर दोघंही जगतील, आणि एकट्याने नेम चुकवणं म्हणजे आत्महत्या.

पहिले काही दिवस तुम्हाला काहीच उमगत नाही. मग एकेक गोष्ट ध्यानात येते. सकाळी न्याहारीच्या वेळी दोन्हीकडे बंदुका गप्प असतात. अंधार पडल्यावर शिधा घेऊन गाड्या येतात तो रस्ता शत्रूच्या तोफेच्या टप्प्यात आहे, तरी त्याच्यावर गोळा पडत नाही. कारण साधं आहे, त्यांच्या शिध्याचा रस्ताही तुमच्या टप्प्यात आहे. तिकडची तोफ रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी गोळे टाकते. त्या वेळी त्या जागी कुणी नसतं, आणि अधिकाऱ्याला वाटतं की तोफखाना कामात आहे. मधूनच एखादा जर्मन नेमबाज मोडक्या घराच्या भिंतीवरच्या एकाच ठिकाणी गोळ्या झाडत राहतो, तिथे भोक पडेपर्यंत. त्यातून तुम्हाला कळायचं ते कळतं: मला नेम येतो, मनात आणलं तर तुला टिपू शकतो, टिपत नाही.

तह झाला नव्हता. कुणी कुणाशी बोललं नव्हतं. सगळा करार चालींमधून झाला होता, अगदी विल्यम्स आणि अल्चियन यांच्यासारखा. मोडणाऱ्याला शिक्षाही ठरलेली होती: आमचा एक मारलात तर तुमचे दोन-तीन. एकदा ऐन शांततेत जर्मन बाजूने अचानक गोळे आले. दोन्हीकडचे लोक खाली वाकले आणि शिव्या सुरू झाल्या. तेवढ्यात एक जर्मन धीटपणे खंदकाच्या कठड्यावर चढला आणि ओरडून माफी मागू लागला. त्याचा सूर असा, की यात आमचा हात नाही, हा त्या प्रशियन तोफखान्याचा उद्योग. आपला शब्द खोटा ठरू नये म्हणून तो माणूस बंदुकांसमोर उभा राहिला. चिखलात जुळलेला हा विश्वास किती खोल होता, ते यातून कळतं.

कशामुळे जमलं? त्याच दोन पलटणी आठवडेच्या आठवडे समोरासमोर असायच्या म्हणून. पलटण बदलली तर जाणारे शिपाई येणाऱ्यांना इथली रीत समजावून सांगत. आणि मोडलं कशामुळे? सेनापतींनी रात्रीचे छापे सक्तीचे केले. छाप्यात खोटेपणा चालत नाही. कैदी तरी आणावे लागतात, नाहीतर प्रेतं तरी मागे पडतात. छाप्याला सूड, सुडाला छापा, आणि घडी विस्कटली. टोनी ॲशवर्थ या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने सैनिकांच्या रोजनिशा, पत्रं आणि आठवणी चाळून हे सगळं १९८० मध्ये पुस्तकरूपाने मांडलं.

त्याच सुमारास अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने वेगळाच आखाडा भरवला होता. तिकडे जाऊ. हा शेवटचा मुक्काम.

आखाड्यात माणसं नाहीत, संगणकाचे प्रोग्रॅम आहेत. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित, समाजशास्त्र, राज्यशास्त्र या विषयांतल्या तज्ज्ञांनी चौदा प्रोग्रॅम पाठवले आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी कैद्यांचा पेच दोनशे डाव खेळायचा. दोघांनी साथ दिली तर तीन-तीन गुण, दोघांनी दगा दिला तर एक-एक, एकट्याने दगा दिला तर त्याला पाच आणि दुसऱ्याला शून्य. एका प्रोग्रॅमचं नाव जॉस. तो बहुतेक वेळा सरळ वागतो, पण दहात एकदा हळूच टपली मारून बघतो. दुसरा आहे फ्रिडमन. तो स्वतःहून कधी दगा देत नाही, पण एकदा दगा मिळाला की शेवटपर्यंत माफी नाही.

जिंकला कोण? सर्वांत छोटा प्रोग्रॅम. पहिल्या डावाला साथ द्यायची, पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच करायचं. जशास तसे, बस. तो पाठवला होता टोरांटो विद्यापीठाच्या अनातोल रापोपोर्ट यांनी. हे गृहस्थ तरुणपणी पियानोचे मैफली कलावंत होते, पुढे गणिती झाले आणि शांततेच्या चळवळीत आयुष्यभर राहिले.

निकालाचा कागद नीट पाहा, त्यात खरं शिक्षण आहे. वरचे आठही प्रोग्रॅम असे निघाले की ज्यांनी आपणहून पहिला दगा कधी दिला नाही. या सरळमार्गी आठांत सर्वांत खाली राहिला तो माफ न करणारा फ्रिडमन. चलाख जॉसची गाठ रापोपोर्टच्या प्रोग्रॅमशी पडली तेव्हा एका टपलीला टपली, त्या टपलीला पुन्हा टपली असं होत होत शेवटी दोघंही नुसता दगाच देत बसले. सहाशे गुण सहज मिळण्यासारखे असताना दोघंही अडीचशेच्या आतच अडकले. आणि सर्वांत आश्चर्याची गोष्ट ही, की जशास तसे वागणारा प्रोग्रॅम कुठल्याही एका सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही. फार तर बरोबरी, नाहीतर थोडा मागे. एकालाही न हरवता तो स्पर्धा जिंकला.

ॲक्सेलरॉडनी निकाल जाहीर करून दुसरी फेरी ठेवली. सहा देशांतून बासष्ट प्रोग्रॅम आले. पाठवणाऱ्यांत नावाजलेले प्राध्यापक होते, तसा दहा वर्षांचा एक संगणकवेडा मुलगाही होता. आता सगळ्यांना ठाऊक होतं की हरवायचं कुणाला. रापोपोर्टनी तोच प्रोग्रॅम जसाच्या तसा पुन्हा पाठवला आणि पुन्हा तोच पहिला आला. या फेरीत एक बदल मुद्दाम केला होता: सामना कितव्या डावाला संपणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

या नियमालाही दुबळी बाजू आहे, तीही सांगायला हवी. निरोप चुकला किंवा हात घसरला, तर एका चुकीचा सूड दोन्ही बाजूंनी चालूच राहतो. म्हणून पुढच्या अभ्यासकांनी त्यात थोडी माफी मिसळली: अधूनमधून एखादा दगा सोडून द्यायचा. गोंधळाच्या जगात तो उदार नियम जास्त टिकतो.

ॲक्सेलरॉड यांचं ‘द इव्होल्यूशन ऑफ कोऑपरेशन’ हे पुस्तक १९८४ चं आहे. खंदकांची हकीकत आणि या स्पर्धा दोन्ही त्यात आहेत, आणि गणिताची धास्ती असलेल्यालाही ते वाचता येतं. जरूर वाचा. त्याआधी घरातल्या दोघांना समोरासमोर बसवून ३, ५, १, ० या गुणांनी हा खेळ खेळवून बघा. चिठ्ठीवर चाल लिहायची, बोलायचं नाही. किती डाव खेळायचे आहेत ते मात्र त्यांना आधी सांगू नका.